शुगर निघालीय? मग दर दोन तासांनी खात ऱ्हावा

शुगर निघाली का? अभिनंदन. उगंच तोंड पाडून बसू नका, आयसीएमआर म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १० कोटींच्या वर माणसं निघालीत, त्यात आपण एक, गर्दीत खपून जातंय. आता एवढंच करायचं की चांगला पेशंट व्हायचं, आणि ते कसं व्हायचं हे मी आठ वर्षं वाईट पेशंट राहून शिकलोय म्हणून सांगतो.

दवाखान्यात गेला की पहिल्यांदा एक कागद मिळतोय. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. माझ्या कागदावर उपम्यातला ‘उ’ उडाला होता, त्यामुळं पमा हे काय नवीन धान्य हाय म्हणून मी लक्ष्मीपुरीत दोन दुकानांत विचारून आलो. तर सकाळी ७ ला बिनसाखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटं, ९ ला पोहे नाहीतर पमा, ११ ला फळ, १ ला दोन चपात्या, वाटीभर भात, आमटी, ४ ला परत बिस्किटं, ८ ला भाकरी, झोपताना दूध. आणि सगळ्यात खाली लाल पेनानं, दोनदा अधोरेखित करून, ‘मटण, अंडी बंद’. कोल्हापुरात हे लिहायला काळीज लागतंय बघा. म्हणजे ज्यानं शुगर फारशी हलत नाही ते बंद, आणि ज्यानं उसळती ते दर दोन तासाला घड्याळ लावून. असलं काही डोक्यात आलं तर ते चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवा. भात म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी, आतड्यात गेली की एकेक कडी सुटती आणि रक्तात येती, हे बारावीच्या पोराला पण माहीत असतंय, पण पेशंटनं बारावी काढायची नसती.

दुसरं, मशीन घेऊ नका. मी घेतलं, एका पट्टीला वडापावाएवढे पैसे जात्यात. पोह्यानंतर दोन तासांनी बोट टोचलं तर २५१. मग रविवारी मुद्दाम भाकरी, भात सगळं बाजूला सारून नुसतं मटण, वाट्यावर वाट्या पांढरा रस्सा, दोन उकडलेली अंडी आणि काकडी, दोन तासांनी बघतोय तर १३८. मशीन बिघडलं म्हणून बायकोचं बोट टोचलं, तिचं ९६ आलं म्हणजे मशीन ठीक होतं, बिघडलं ते आमच्यातलं, आठवडाभर बोलली नाही. तेव्हा आकडे बघायचे नाहीत, तीन महिन्यांनी डॉक्टर सांगतील तेवढं खरं.

नातेवाईक मात्र भरपूर ठेवा. साखर सोड, गूळ खा, असं सांगणाऱ्या आमच्यात चार आत्या हायत, त्यातल्या दोघी स्वतः गोळीवर. आपल्या गुळाला जीआय मिळालाय हे खरं हो, पण ते भौगोलिक मानांकन, ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर शुगर किती उसळती त्याचा आकडा, तो नव्हं. हे आत्याला समजावायला गेलो तर म्हणली, अरे पण सरकारनं दिलाय की! ज्या जिल्ह्यात जिकडं बघंल तिकडं ऊस हाय तिथं गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे पुढच्या सोसायटीच्या निवडणुकीत पडणं, सोडून दिलं. गूळ नको तर नाचणी खावा, म्हणत्यात. आयसीएमआरचाच २०२५ चा अभ्यास सांगतोय की भारतीय माणसाच्या ताटातल्या ६२ टक्के कॅलरी कार्बमधून, म्हणजे पिठूळ आणि गोड खाण्यातनं येत्यात, आणि मैदा-तांदूळ काढून त्याजागी गहू नाहीतर नाचणी-ज्वारी तेवढीच ठेवली तर धोका काही कमी होत नाही, एकूण कार्बच कमी करायला पाहिजेत. पण हे आत्याला कोण सांगणार, मी तर नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक, जी तुम्ही चुकूनही करू नका, ती म्हणजे बरं होणं. चार महिने मी भाकरी-चपाती-भात जवळजवळ बंद केलं, भाज्या, पनीर, अंडी, मासे, मटण. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.२ वरनं ६.७. रिपोर्ट घेऊन छाती फुगवून गेलो. डॉक्टरांनी कागद उजेडाला धरला, उलटा करून बघितला, नोट खरी का खोटी बघत्यात तसा. “लॅब कुठली?” सांगितली. “परत करून आणा.” दुसऱ्या लॅबमधनं ६.६. मग म्हणले मेंदूला ग्लुकोज लागतं. खरं हाय, पण ते लिव्हर स्वतः तयार करतंय की. हे बोलल्यावर आमच्यात जी शांतता पसरली ती अजून माझ्या कानात हाय. तुम्ही म्हणा, “सर, तुमची गोळी लागू पडली.” बघा कसा चेहरा खुलतोय, चहा पण मिळंल.

बरं, गोळीचा डोस कमी करायचा का हे विचारू नका, मी पण विचारलं नव्हतं. भाकरी बंद आणि शुगर पाडणारी गोळी, ग्लिमेपिराईड, तेवढीच. सकाळी रंकाळ्याला चालताना हात थरथरायला लागले, घाम, डोळ्यापुढं शालिनी पॅलेस दोन दिसायला लागले. कठड्यावर बसलो, शेजारच्या आजोबांनी खिशातनं चिरमुऱ्याचा लाडू काढून दिला. तेव्हा आकडा ५८ होता. आमच्या तालमीतल्या किटोवाल्या, म्हणजे कार्ब जवळजवळ शून्यावर आणणाऱ्या पोरांनी हे सांगितलंच नव्हतं, ती तर गोळ्या फेकून द्या म्हणतात, इन्सुलिन पण. ती एक वेगळीच जमात हाय, त्यांच्या नादाला लागून उद्या कोण ॲडमिट झालं तर डॉक्टरला आयतं सांगायला मिळतंय. ग्लिफ्लोझिनवाल्या, म्हणजे लघवीतनं साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्यांवर तर शुगर ठीक दिसत असताना आत ॲसिड चढू शकतं, हे डॉक्टर नाहीतर ही पोरं, कुणीतरी एकदा बोलायला पाहिजे होतं. आणि खरं सांगायचं तर कार्ब कमी केल्याचा फायदा सहा महिन्याला चांगला दिसतोय आणि वर्षानं ओसरतोय, कारण लग्नसराई येती.

आता तुम्ही म्हणाल डॉक्टर लोकांनाच का बोलता, बाहेर असं नसतंय. रिचर्ड बर्नस्टाईन नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर, बाराव्या वर्षापासनं टाईप वनवाला, म्हणजे अंगात इन्सुलिनच तयार होत नाही तसला. १९६९ ला त्यानं डॉक्टर बायकोच्या नावावर दीड किलोचं शुगर मशीन मागवलं, कारण ते पेशंटला विकतच नव्हते. ते होतं इमर्जन्सीसाठी, रात्री आलेला माणूस शुगरनं पडलाय का दारूनं हे बघायला. त्यानं दिवसातनं कितीदा तरी मोजून, कार्ब कमी करून शुगर ताब्यात आणली आणि लेख पाठवले. तू डॉक्टर नाहीस म्हणून परत आले. तर हा गडी पंचेचाळिशीत मेडिकल कॉलेजला जाऊन बसला! २०२५ ला गेला, नव्वद वर्षांचा होऊन. ऑस्ट्रेलियात हाडाचे डॉक्टर गॅरी फेटके, शुगरवाल्यांचे पाय कापून वैतागले आणि साखर कमी खावा म्हणायला लागले, तर २०१६ ला तिथल्या नियामक संस्थेनं आहारावर बोलायचं नाही म्हणून तंबी दिली, २०१८ ला माफी मागितली. पाय कापायला मात्र तेवढी दोन वर्षं कुणी आडवलं नव्हतं.

आणि इन्सुलिन यायच्या आधी, म्हणजे १९२१ च्या आधी, डॉक्टर स्वतःच ब्रेड बंद करायचे, ही गोष्ट तर काढूच नका. वर्मी लागती.

त्यापेक्षा १४ नोव्हेंबरला मधुमेह दिनाचं शिबिर असतंय तिकडं जावा, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस. गेल्या वर्षी आमच्या पेठेत होतं, पोटाचा घेर फुकट मोजून देत होते. डावीकडं शुगर तपासायची रांग, उजवीकडं नाष्ट्याची, पोहे आणि शिरा, वर जिलेबी. मी आधी डावीकडं उभारलो होतो, पण उजवीकडची लवकर सरकत होती, आणि पुढं आमचे डॉक्टर पण होते.