‘वेल्डर’ ही शिवी नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरी बनवलेल्या, मागच्या चाकालाही शॉक-अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या फुल सस्पेन्शन सायकलच्या फ्रेमवरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतलंय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : फ्रेमची फटीग टेस्ट (पुन्हा पुन्हा जोर देऊन घेतलेली चाचणी) झालेली नाही, अँटी-स्क्वॉटचा (पेडल मारताना सायकल मागे दबणं किती रोखलं जातं त्याचा) ग्राफ एकाच गिअरचा दिलाय, पुतण्याला त्या सायकलवर बसवणं बेजबाबदारपणाचं आहे आणि एवढ्या पैशात तैवानची तयार फ्रेम आली असती. या सगळ्याच्या आधी, पहिलीच ओळ : “चार नळ्या जोडल्या म्हणजे फ्रेम होत नाही साहेब, वेल्डर आणि डिझायनर यांत फरक असतो.”

उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवून बसलो होतो. पण ती ओळ डोक्यातून जाईना.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. ग्राफ मी फक्त पुढे ३२ दात आणि मागे ५१ दात एवढाच टाकला होता. माझा पिव्होट, म्हणजे मागचा भाग ज्या सांध्यावर फिरतो तो, जिथे आहे तिथे कॅसेटच्या लहान चकत्यांवर तो आकडा बराच खाली येतो, आणि ते वाचणाऱ्याला दिसायला हवं होतं. चूक माझी. उरलेल्या गिअरचे ग्राफ शनिवारी टाकतो.

आता ती ओळ.

पहिल्यांदा ‘साहेब’. मी लेखात कुठेही स्वतःला डिझायनर म्हटलेलं नाही. लेख पुन्हा उघडून पाहा. ‘मी केलेली फ्रेम’ एवढंच लिहिलंय. जो दावा मी केलाच नाही तो माझ्या तोंडी घालून वर ‘साहेब’ म्हणायचं, ही कुठली पद्धत? शंका असेल तर शंका विचारा. या ब्लॉगवर सहा वर्षांत मी एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळलेलं नाही.

दुसरं, ‘चार नळ्या’. मोजायच्याच तर चार नाहीत. पुढचा त्रिकोण, मागचा त्रिकोण, त्यांच्यामधला रॉकर (शॉक दाबणारा हलता दुवा), मुख्य पिव्होटची नळी, शॉकचे माउंट. चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली हलणं, १३० मिलिमीटर. शॉक २१० लांब आणि ५० दबणारा, म्हणजे सरासरी लिव्हरेज १३० भागिले ५०, २.६. हा आकडा गाठायला रॉकरचं भोक कागदावर आणि स्क्रीनवर किती वेळा हलवलं याचा हिशोब मी ठेवला नाही. रॉकर आधी प्लायवूडचा केला, भिंतीवर १:१ ड्रॉइंग चिकटवून त्यावर खिळ्यांनी फिरवून पाहिला. पूर्ण दाबल्यावर टायर सीट ट्यूबला घासतं हे तिथे कळलं, स्क्रीनवर नाही. स्क्रीनवर मी टायरची जाडी कमी धरली होती.

आणि ‘जोडणं’ म्हणजे काय ते तुम्हाला एकदा जवळून दाखवायला हवं. मुख्य पिव्होटमध्ये ६९०२ नंबरची दोन बेअरिंग बसतात. आत १५, बाहेर २८, जाडी ७. त्यांच्या नळीचा बोअर (आतलं भोक) आधी २८ चा करून मग वेल्डिंग केलं तर बेअरिंग बसतच नाही, कारण वेल्डिंग नळीला ओढतं. म्हणून आम्ही बोअर २७.५ वर सोडला. वेल्डिंग झाल्यावर फ्रेम गार होऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजायचा डायल लावला. बोअर ०.१५ मिलिमीटर अंडाकार झाला होता. मग अख्खी फ्रेम मिलिंग मशीनच्या बेडवर बांधली आणि बोअरिंग हेडने दोन्ही बाजूंच्या बैठका एकाच सेटिंगमध्ये फिनिश केल्या. एकाच सेटिंगमध्ये का? पिव्होट ७० मिलिमीटर रुंद आहे. त्या रुंदीत ०.२ मिलिमीटरचा तिरकेपणा राहिला तर ४४० मिलिमीटर मागे, चाकाच्या आसापाशी, तो सव्वा मिलिमीटर होतो. चाक वाकडं धावतं, बेअरिंगवर आडवा जोर येतो आणि महिनाभरात किरकिर सुरू होते.

हे सगळं सांभाळलं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या आर्गॉनवाल्या, म्हणजे आर्गॉन वायूवर वेल्डिंग करणाऱ्या, काकांनी. नळीची भिंत फक्त ०.९ मिलिमीटर जाड. क्रोमोलीच्या (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) नळीवर करंट जरा चढला की भोक, जरा कमी पडला की वेल्डचा मणी वरच बसतो, आत मुरत नाही. काका नळीच्या आतूनही आर्गॉन सोडायचे, म्हणजे आतली बाजू जळत नाही. एका बाजूला बोटभर टाका घालायचा, मग लगेच समोरच्या बाजूला, म्हणजे ओढ समान राहते. हा क्रम कुठल्या सॉफ्टवेअरने सांगितलेला नाही, त्यांच्या हाताला माहीत आहे. गसेट, म्हणजे जोडाला बळकटी देणारी पट्टी, कुठे संपवायचं हेही त्यांनीच सांगितलं, त्यावर पुढे येतोच. ‘वेल्डर’ हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात. मला जे बोलायचं ते बोला, पण तो माणूस तुमचं काय लागतो?

माझे वडील शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं टर्नर होते. मी सहावीत असताना माझ्या सायकलचा फोर्क क्राउनपाशी मोडला, तेव्हा त्यांनी शेजारच्या शॉपमधल्या गॅसवर पितळी काडीने तो भरून दिला. वर स्वतः घासून असा गुळगुळीत केला की जोड बोटाला लागायचा नाही. बारावीपर्यंत मी तीच सायकल चालवली. पुढे डिप्लोमा केला, चौदा वर्षं डायशॉपमध्ये काढली. लोखंड कुठे थकतं, कुठे आवाज देतं, हे मी प्रतिक्रिया लिहून शिकलेलो नाही. तुम्ही कुठे शिकलात ते मला माहीत नाही, आणि नावही नसल्यामुळे विचारताही येत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही लेखातला तो भाग वाचलेला दिसत नाही. ही फ्रेम दुसरी आहे. पहिली मोडली. मोडली म्हणजे माझ्या हातात, माझ्या डोळ्यांसमोर. मसाई पठारावर अकरा आठवडे चालवली होती, जांभ्यावर, दर रविवारी. एका रविवारी घरी येऊन धुताना डाउन ट्यूबवर, म्हणजे पुढच्या त्रिकोणाच्या खालच्या तिरक्या नळीवर, गसेटच्या टोकाशी रंगात केसाएवढी रेघ दिसली. रंग तडकलाय की नळी, हे नुसत्या डोळ्याने कळत नाही. रंग खरवडला. वडील करायचे तसं रॉकेलचा बोळा फिरवला, पाच मिनिटं थांबलो, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वर पांढरा खडू घासला. थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटली, गसेटच्या कोपऱ्यातून निघून नळीला वळसा घालणारी, बावीस मिलिमीटर. मी ती फ्रेम त्याच संध्याकाळी हॅकसॉने कापली, म्हणजे पुन्हा कुणी बसायला नको.

कारण काकांनी लगेच दाखवलं. माझं गसेट चौकोनी संपत होतं आणि शेवटचा टाका नळीला आडवा गेला होता. कडक भाग जिथे एकदम संपतो तिथेच सगळा ताण गोळा होतो. दुसऱ्या फ्रेममध्ये गसेट लांब, निमुळतं, टोकाला टाका नाही. आता दर पंधरा दिवसांनी रॉकेल आणि खडू होतोच.

तुम्ही ज्याला ‘चार नळ्या’ म्हणता त्याच वाटेने माउंटन बायकिंगचा हा खेळ जन्माला आलाय. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइस डोंगराच्या पायथ्याशी ‘जो ब्रीझ’ नावाच्या माणसाने खास डोंगरउताराच्या सायकलसाठी फ्रेम बनवल्या, त्या स्वतःच्या हाताने जोडून. मागच्या आसाच्या पुढे, चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) बसणारा तो प्रसिद्ध पिव्होट ज्याच्या नावाने ओळखला जातो तो होर्स्ट लाइटनर मूळचा मोटरसायकलवाला. या माणसांना त्या काळी कुणी ‘साहेब, तुम्ही डिझायनर नाही’ म्हटलं असेल की नाही, तुम्हीच विचार करा. मी त्यांच्याशी बरोबरी सांगत नाही. एवढंच म्हणतो की हात काळे करणाऱ्याला डिझाइनच्या दाराबाहेर उभं करणारे तुम्ही कोण?

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात माउंटन बाइकच्या फ्रेमवर पेडलमधून १२०० न्यूटनचा जोर एक लाख वेळा दिला जातो, हे मला ठाऊक आहे. ती परीक्षा बाजारात विकायच्या सायकलींची. मी फ्रेम विकत नाही. पुतण्या बसला तो गल्लीत, माझ्या देखत, सपाट रस्त्यावर. तैवानच्या फ्रेमचं म्हणाल तर ती कुणालाही घेता येते, त्यावर लेख कशाला लिहायचा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्या तिघांनी गसेटची मापं मागितली आहेत त्यांना या आठवड्यात ड्रॉइंग पाठवतो. काकांना मी तुमची ओळ दाखवली नाही. त्यांच्याबद्दल पुन्हा काही लिहायचं असेल तर आधी स्वतःचं नाव लिहा.