भाडेकरू हप्ता फेडेल आणि उरलेला सरकार?

पगारदारांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश गेली काही वर्षे फिरतो आहे: दुसरा फ्लॅट कर्जावर घ्या, निम्मा हप्ता भाडेकरू भरेल, उरलेला करसवलतीतून सुटेल आणि दहा वर्षांनी विकताना इंडेक्सेशनमुळे, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरल्यामुळे, कर जवळजवळ लागणार नाही. यातले बरेचसे कधीकाळी खरे होते, म्हणूनच ते चटकन पटते. मात्र ज्या नियमांच्या आधारावर ते लिहिले गेले, ते २०१७ ते २०२४ या काळात एकेक करून बदलले आहेत.

‘व्याजाची पूर्ण वजावट मिळते.’ भाड्याने दिलेल्या घराबाबत हे आजही बरोबर आहे, पण ही वजावट कोणत्या उत्पन्नातून मिळते, ते संदेशात नाही. समजा, पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटसाठी ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांकरिता काढले, तर हप्ता सुमारे ५२,००० रुपये आणि पहिल्या वर्षाचे व्याज साधारण ५.०५ लाख रुपये होते. दरमहा २२,००० प्रमाणे वर्षाचे भाडे २.६४ लाख (अकरा महिन्यांचा करार संपल्यावर घर एक दिवसही रिकामे राहिले नाही, असे उदारपणे धरून). त्यातून भरलेला १४,००० रुपये मालमत्ता कर आणि उरलेल्या रकमेवर सरसकट मिळणारी ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १.७५ लाख राहतात, आणि व्याज वजा करताच ३.३० लाखांचा तोटा दिसतो. आर्थिक वर्ष २०१७-१८ च्या आधी हा सगळा तोटा पगारातून वजा होत असे. आता बहुतेक वजावटी देणाऱ्या जुन्या करप्रणालीतही तो वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो. म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ६२,४०० रुपये वाचतात, आणि उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता आला तरी तो फक्त घराच्या उत्पन्नातूनच वळता होतो. २०२३-२४ पासून जी नवी प्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात तर पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. हप्ते आणि भाडे यांतली ३.६१ लाखांची तफावत मात्र दोन्ही प्रणालींत तेवढीच राहते. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा.

‘मुद्दल आणि मुद्रांक शुल्कावरही सवलत आहे.’ आहे, पण फक्त जुन्या प्रणालीत आणि सगळ्या बचतींसाठी मिळून असलेल्या वर्षाच्या दीड लाखांच्या मर्यादेत, जी बहुतेकांच्या बाबतीत पीएफ आणि विम्याच्या हप्त्यांनीच भरलेली असते. याच फ्लॅटवर पुण्यात ७ टक्क्यांनी ५.६० लाखांचे मुद्रांक शुल्क, ३०,००० नोंदणी फी आणि बांधकाम चालू असल्यास ५ टक्क्यांनी ४ लाखांचा जीएसटी द्यावा लागतो, हे संदेश लिहिणाऱ्याला आठवलेले दिसत नाही.

‘इंडेक्सेशनमुळे कर लागत नाही.’ सर्वांत शिळे विधान हेच. २३ जुलै २०२४ पूर्वी घर घेतलेल्या निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के, यांपैकी कमी पडणारा कर भरता येतो. त्या तारखेपासून पुढे घेतलेल्या घराला हा पर्याय नाही. वरचा फ्लॅट सर्व शुल्कांसह ८९.९० लाखांना पडला आणि दहा वर्षांनी दीड कोटीला विकला, तर ६०.१० लाखांच्या नफ्यावर साडेसात लाखांचा कर येतो, शिवाय उपकर आणि लागू असल्यास अधिभार. महागाईचा निर्देशांक वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला असे मानले, तर जुन्या हिशेबाने हाच कर जेमतेम ७१,००० रुपये झाला असता.

‘थोडी रक्कम रोखीत द्या, कर वाचेल’ ही शेवटची ओळ तर धोक्याची आहे. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तितक्याच रकमेच्या दंडाची तरतूद आहे, आणि मुद्रांक शुल्कासाठी धरलेले सरकारी मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असले, तर तो फरक विकणारा आणि घेणारा अशा दोघांच्याही करहिशेबात धरला जातो.

विक्रीचा नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर कर टळतो, हे मान्य करायला हवे. पण विक्रीतून मुलीच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा असेल, तर पैसा पुन्हा घरातच अडकवणारी ही सवलत त्या कुटुंबाच्या काय कामाची?