‘कुंपण घातलं आणि कोरिया शांत झाला’ म्हणे!

सध्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा : कोरियात दोन विचारांची माणसं होती, त्यांनी आपापली बाजू निवडली, मधे पक्कं कुंपण घातलं. सत्तर वर्षांत युद्ध नाही, माणसंही जुनं विसरून सुखात आहेत. शिवाय त्या पट्ट्यात दुर्मीळ पक्षी आलेत. तात्पर्य, सीमा पक्की करा, प्रश्न मिटतो.

आधी ‘निवडली’बद्दल. ऑगस्ट 1945 मध्ये कोरियावर राज्य करणारा जपान शरण येत असताना वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी कर्नलांनी रात्री नकाशा समोर घेऊन 38 अक्षांशावर बोट ठेवलं : वरचा भाग सोव्हिएत फौजांकडे, खालचा अमेरिकेकडे. कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही. केसाँग शहर त्या रेषेच्या दक्षिणेला होतं. 1950 मध्ये उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं आणि 1953 च्या शस्त्रसंधीनंतर ते उत्तरेत गेलं. गावकऱ्यांचे विचार बदलले म्हणून नव्हे, सैन्यं जिथे थांबली तिथे रेषा पडली म्हणून.

निवड खरोखर समोर आली ती युद्धकैद्यांच्या. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या 22 हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळायला भारताची तुकडी गेली होती, आणि तिचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. त्या कैद्यांपैकी 88 जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. मेसेजमधल्या दोन रकान्यांत यांना कुठे बसवायचं?

शांततेचं म्हणाल तर तह आजही झालेला नाही, आहे ती फक्त शस्त्रसंधी. सीमेवरचा सुमारे 250 किलोमीटर लांब आणि 4 किलोमीटर रुंद पट्टा नावाला ‘निर्लष्करी’, पण त्याच्या दोन्ही अंगांना जगातल्या सर्वांत मोठ्या फौजांपैकी दोन समोरासमोर उभ्या. उत्तरेने कुंपणाखालून खणलेले चार बोगदे दक्षिणेला सापडले, शेवटचा 1990 मध्ये. 1976 मध्ये त्याच पट्ट्यातल्या पानमुंजोमला पॉप्लरच्या झाडाच्या फांद्या छाटण्यावरून दोन अमेरिकी अधिकारी उत्तरेच्या सैनिकांकडून मारले गेले, तेही कुऱ्हाडींनी. 2010 मध्ये दक्षिणेच्या योनप्याँग बेटावर उत्तरेचे तोफगोळे पडले आणि चौघांचा जीव गेला. दक्षिणेची राजधानी सोल तर सीमेपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. मोठं युद्ध झालं नाही हे खरं, पण त्याचं श्रेय तारेला देण्याआधी रोज किती तोफा भरून ठेवाव्या लागतात ते बघा.

‘माणसं विसरली’ हे वाक्य मात्र चीड आणणारं आहे. पलीकडच्या नातलगांना भेटायचंय म्हणून दक्षिणेत नाव नोंदवणाऱ्यांची संख्या 1 लाख 30 हजारांच्या वर गेली. त्यांतले बहुसंख्य वाट पाहता पाहता गेले. 2000 पासून अधूनमधून भेटी घडवल्या. शेवटची 2018 मध्ये, उत्तरेतल्या कुमगांग डोंगराच्या पायथ्याशी. लॉटरी काढून नावं ठरवायची आणि नंबर लागलाच तर तीन दिवसांत मिळून अकरा-बारा तास. तेवढ्यात नव्वदी ओलांडलेली आई सत्तरीतल्या मुलाला बघणार. शेवटचं पाहिलं तेव्हा तो कडेवर होता. मग बस सुटताना काचेवर आतून-बाहेरून हात टेकवायचे आणि संपलं. फोन नाही, पत्र नाही, पुन्हा भेटीची आशा नाही. 2018 नंतर एकही फेरी झाली नाही, आणि भेटींसाठी उभारलेली इमारतही उत्तर कोरिया पाडत असल्याचं 2025 मध्ये सोलने सांगितलं.

कुंपणाने माणसं थांबतात, हेही अर्धसत्यच. उत्तरेतून निसटून आजवर 34 हजारांच्या आसपास लोक दक्षिणेत पोचले. सीमा थेट ओलांडणारे त्यांत अगदी मोजके. बाकीचे उत्तरेची नदी पार करून चीनमध्ये आणि तिथून लाओस, थायलंड असा वळसा घालून, दलालांना पैसे मोजत. शेजारच्या प्रांतात जायला अर्धा आशिया!

राहिले पक्षी. सीमेला लागून असलेल्या दक्षिणेतल्या चोरवॉनला हिवाळ्यात लाल डोक्याचे क्रौंच येतात, सुंदरच दिसतात. पण ते टिपतात काय? कापणीनंतर शेतात सांडलेलं भात. ते भात पिकवणारा शेतकरी नाक्यावर परवाना दाखवून स्वतःच्या रानात जातो, आणि बांधापलीकडे सुरुंगाची पाटी असते.