मास्तर, एकक लिहा

गेल्या शुक्रवारी गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करता करता मी लोहाची गोळी घेण्यासाठी 60 रुपयांचा मोसंबीचा रस विकत घेतला आणि ग्लास ओठांना लावणार, तोच मागून आवाज आला, ‘‘साखरेचे पाणी पितोस?’’ प्राथमिक शाळेत मला गणित शिकवलेले मास्तर एका हातात सुक्या मिरच्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभे होते.

मी ग्लास खाली ठेवला. चाळिशी उलटली तरी मास्तरांसमोर काही पिण्याचे धाडस मला होत नाही.

‘‘हे वाच,’’ मास्तर म्हणाले. ‘‘संत्र्याचा रस : कॅल्शियम 11 मिलिग्रॅम, लोह 0.2. आता हे वाच. वाळवलेली बेसिलची पाने : कॅल्शियम 2240, लोह जवळजवळ 90! बेसिल म्हणजे आपली तुळसच. अंगणात औषध असताना हा इथे पैसे उधळतो आहे.’’ शेवटचे वाक्य रसवाल्याला उद्देशून होते.

‘‘पण मास्तर, ही मोसंबी आहे.’’

‘‘लिंबाचीच जात. पुढे बोल.’’

पुढे मला बोलताच आले नाही. उत्तर बरोबर असूनही एकक लिहिले नाही, म्हणून याच मास्तरांनी माझ्या तळहातावर छडी मारली होती, आणि आज तेच, दोन्ही आकडे 100 ग्रॅमचे आहेत ही साधी गोष्ट विसरून, मला भर बाजारात शिकवत होते. 100 ग्रॅम रस म्हणजे अर्धा ग्लाससुद्धा नव्हे. 100 ग्रॅम वाळलेली पाने मात्र कोणी खाल्ल्याचे मी ऐकलेले नाही. ताज्या पानांत नऊ दशांशाहून अधिक पाणी असते आणि ते उडून गेल्यामुळेच वाळलेल्या पानांचे आकडे एवढे फुगतात. तेवढी पाने वाळवायची तर किलोभर ताजी पाने खुडावी लागतील आणि वृंदावनातली तुळस कार्तिकातल्या लग्नाआधीच बोडकी होईल. शिवाय पिझ्झावर पडणारी बेसिल ही आपल्या तुळशीची चुलत बहीण आहे, तुळस नव्हे.

शेजारी पाटी घेऊन उभ्या असलेल्या मासळीवालीने विचारले, ‘‘एवढा पाला कोण खाणार? बकरी?’’ मास्तरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. चहाचा चमचाभर वाळलेली पाने एक ग्रॅमही भरत नाहीत. त्यांत लोह साधारण 0.6 मिलिग्रॅम, तर संत्र्याच्या ग्लासभर रसात 0.5. एवढ्याशा फरकासाठी माझी शोभा झाली होती! क जीवनसत्त्व मात्र त्या ग्लासात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि त्या पानांत ते जवळजवळ नसतेच. गोळीतले लोह अंगी लागायला तेच जीवनसत्त्व मदत करते, म्हणून तर डॉक्टरांनी रस सांगितला होता. साखरेबद्दल मास्तर खोटे बोलत नव्हते, कारण ग्लासभर रसात ती वीस ग्रॅमच्या आसपास असतेच. पण खरे बोलणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या ग्लासाकडेही अधूनमधून पाहावे. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होत जातो, आणि मास्तर पुदिना, ओवा, कोथिंबीर असे करत वाळवणाची सगळी यादी संपवेपर्यंत माझा रस औषधासारखा कडू झाला होता. तो मी टाकून दिला, तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावर विद्यार्थी सुधारल्याचे समाधान दिसले.

‘‘चल, त्यापेक्षा चहा घेऊ,’’ ते म्हणाले.

चहा लोहाला अंगी लागू देत नाही, म्हणून गोळीच्या आगेमागे तासभर तो घ्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. मी काही बोललो नाही. गोळी खिशात राहिली, मास्तरांनी आपल्या कपात साखर जरा जास्त घालायला सांगितली, आणि दोन्ही चहांचे पैसे जुना विद्यार्थी या नात्याने मी दिले.