तक्रारीची पोच मिळाली, धन्यवाद!

कुणीही उठावं, सोशल मीडियावर कुणाच्याही फोटोवर ‘चोर’ लिहून टाकावं, आणि ते चालवणाऱ्या कंपनीने हात वर करावेत: आम्ही फक्त मध्यस्थ! दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मध्यस्थाला सूट देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आहेच पाठीशी. तक्रार केली की याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच. वा! त्या पोचेची पूजा करू? पुढचं उत्तर ठरलेलं, ‘आमच्या धोरणाचा भंग नाही’. मग जा कोर्टात! सुप्रीम कोर्टाच्या श्रेया सिंघल निकालापासून, म्हणजे २०१५ पासून, कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्याशिवाय या कंपन्यांना काही ‘कळत’च नाही. लग्नाच्या व्हिडिओत मागे सिनेमाचं गाणं वाजू द्या, लगेच आवाज बंद. तेव्हा बरं कळतं! आणि ती ‘चोर’वाली घाण हजारोंच्या पुढ्यात ढकलतं कोण? पोस्टमन पत्र पोचवतो हो, पण चविष्ट पत्रांच्या झेरॉक्स काढून गल्लीभर वाटत नाही.