ज्यूड बेलिंगहॅमने शाळा सोडली नव्हती

आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज पुढे पाठवला आहे. तो अनेकांच्या मोबाइलवर फिरून आलेला दिसतो, कारण कोल्हापुरातल्या आणखी दोन ग्रुपवर मला तोच, तशाच्या तसा, सापडला. इंग्लंडचा फुटबॉलपटू, मिडफिल्डर ज्यूड बेलिंगहॅम याचा फोटो, आणि खाली त्याची कहाणी. गरीब पोलीस शिपायाचा मुलगा. लहानपणापासून रोज ८ तास सराव. सोळाव्या वर्षी शाळा सोडली. मँचेस्टर युनायटेडने नाकारलं. सतराव्या वर्षी एकटाच घर सोडून जर्मनीला गेला. जुन्या क्लबने त्याचा जर्सी नंबर कायमचा बंद केला. मग रेआल माद्रिदने त्याला ९०० कोटी दिले. आणि शेवटी सल्ला: तुमच्या मुलाला दहावीत अडकवून ठेवू नका, आमच्या निवासी अकादमीत आणा, दहावी काय १७ नंबरचा फॉर्म भरून कधीही देता येते.

माझा भाचा नववीत आहे. तालमीच्या लहान मुलांच्या संघात मिडफिल्डला खेळतो, चांगला खेळतो, आणि बेलिंगहॅम त्याला देवासारखा आहे. मेसेज आल्यापासून तो ताईशी रोज शाळेवरून भांडतोय आणि दाजी फीचा हिशोब मांडून बसले आहेत. म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजना उत्तर द्यायला मला वेळ नाही.

सगळ्यात आधी शाळेचं, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

बेलिंगहॅमचा जन्म २९ जून २००३ चा, गाव स्टोरब्रिज, बर्मिंगहॅमच्या जवळ. इंग्लंडमध्ये आपल्या दहावीसारखी जी परीक्षा असते ती जीसीएसई. मुलं ती सोळाव्या वर्षाच्या आसपास देतात. त्याच्या वयाच्या मुलांचं ते वर्ष २०१९ च्या उन्हाळ्यात संपलं. बर्मिंगहॅम सिटी या क्लबच्या मोठ्या संघाकडून तो पहिल्यांदा उतरला ६ ऑगस्ट २०१९ ला, लीग कपमध्ये पोर्ट्समथविरुद्ध. तेव्हा त्याचं वय १६ वर्षं ३८ दिवस. सगळ्यात लहान वयात खेळण्याचा, ट्रेव्हर फ्रान्सिसच्या नावावर १९७० पासून असलेला क्लबचा विक्रम त्याने त्या दिवशी मोडला. तारखांचा क्रम बघा. शालेय वर्ष आधी संपलं, पदार्पण नंतर झालं.

आणि त्यानंतरही शिक्षण थांबलेलं नाही, कारण तिथे ते थांबवता येतच नाही. ब्रिटनच्या संसदेने २००८ साली शिक्षण आणि कौशल्य कायदा केला. त्यानुसार इंग्लंडमधल्या मुलांना २०१३ पासून सतराव्या वर्षापर्यंत आणि २०१५ पासून अठराव्या वर्षापर्यंत कुठल्यातरी शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहावंच लागतं. सोळाव्या वर्षी शाळेची इमारत सोडता येते, तीही त्या वर्षीच्या जूनच्या शेवटच्या शुक्रवारनंतरच. मग मुलाने कॉलेजात जायचं, किंवा शिकाऊ उमेदवारी करायची, किंवा काम करता करता अर्धवेळ शिकायचं. चौथा रस्ता नाही. फुटबॉल क्लब सोळाव्या वर्षी मुलाला जी दोन वर्षांची 'स्कॉलरशिप' देतात ती याच शिकाऊ उमेदवारीत बसते. सरावाबरोबर अभ्यासक्रम हा तिचाच भाग असतो, आणि त्यासाठी इंग्लिश फुटबॉल लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून वेगळी संस्थाच चालवली आहे. बेलिंगहॅम हाच रस्ता चालला. एजबॅस्टनच्या प्रायरी स्कूलमध्ये शाळा आणि पुढे लफबरो कॉलेजचा खेळ या विषयातला अभ्यासक्रम.

ही व्यवस्था कशासाठी, हे दाजींनी नीट वाचावं. अठराव्या वर्षी क्लब बहुतेक मुलांना सांगतो की तुला व्यावसायिक करार नाही. त्या मुलांनी क्लबच्या बाहेर पाऊल टाकल्यावर करायचं काय, हा प्रश्न तिथल्या लोकांना पडला, म्हणून त्यांनी शिक्षण करारात घातलं. आपल्याकडे शिक्षणाचा हक्क देणारा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. त्याच्या पुढे मूल शाळेत टिकवायची जबाबदारी घरच्यांची. म्हणजे जिथे कायदा मुलाला अठरापर्यंत धरून ठेवतो तिथल्या खेळाडूचा फोटो लावून, जिथे कायदा चौदालाच हात सोडतो तिथल्या आई-बापांना 'तुम्हीही सोडा' असं सांगितलं जातंय. मला याचा संताप येतो. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला बेलिंगहॅमबद्दल काही माहीत नाही, किंवा सगळं माहीत असून त्याने लिहिलंय. दुसरी शक्यता जास्त वाईट.

१७ नंबरचा फॉर्म असतो, हे खरं. तो भरून बाहेरून दहावी देता येते, हेही खरं. पण ती सोय आहे शाळा सुटलेल्यांसाठी, परत येण्याचा रस्ता म्हणून. चालू शाळेतल्या मुलाला बाहेर काढून त्या रस्त्याला लावायचं, त्याने दिवसभर सराव करायचा आणि रात्री एकट्याने बीजगणित सोडवायचं, हे कुठल्या मुलाला जमणार आहे? आमच्या भाच्याला शाळेत बाई समोर असतानाही बीजगणित जड जातं.

आता रोज ८ तासांचं. इंग्लंडच्या अकादम्यांसाठी २०१२ पासून एक सामाईक आराखडा लागू आहे. त्यात अगदी पहिल्या श्रेणीच्या अकादमीतही ९ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी प्रशिक्षणाचे तास ४ पासून ८ पर्यंत धरलेले आहेत, आणि ते आठवड्याचे. पुढच्या वयोगटात १२ च्या आसपास जातात, तेही आठवड्याचेच. मेसेजवाल्याने आठवड्याचा आकडा दिवसाला लावला की मनानेच लिहिला, ठाऊक नाही. पण वाढत्या वयाच्या पोराचे गुडघे रोज ८ तास मैदानावर घासले तर काय होतं ते कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा. ही अतिशयोक्ती म्हणून सोडून देण्यासारखी नाही, यात मुलं जखमी होतात.

'गरीब पोलीस शिपाई' यात अर्धं खरं आहे. वडील मार्क बेलिंगहॅम वेस्ट मिडलंड्स पोलिसात होते, पण सार्जंट म्हणून. आणि नुसते पोलीसही नव्हते. इंग्लंडच्या खालच्या, हौशी म्हणता येतील अशा लीगमध्ये त्यांनी ७०० च्या वर गोल केलेत. मुलाची सुरुवात झाली ती गावच्या स्टोरब्रिज ज्युनियर्समध्ये, वडिलांच्या नजरेखाली, आणि मग आठ वर्षांखालील गटात तो बर्मिंगहॅम सिटीत गेला. घरात पगार होता, खेळ कळणारा बाप होता, आणि गावाजवळच क्लब होता. कोल्हापूरहून दोनशे किलोमीटरवरच्या वसतिगृहात चौदा वर्षांचं पोर नेऊन टाकण्याशी याचं काहीही साम्य नाही. बेलिंगहॅम ज्या क्लबमध्ये घडला, तिथे तो घरून जायचा.

आणि एकटा जर्मनीला गेला म्हणे! जुलै २०२० मध्ये तिथल्या बोरुसिया डॉर्टमुंड या क्लबने त्याला घेतलं, तेव्हा तो नुकता १७ चा झाला होता, हे बरोबर. पण आई, डेनिस, त्याच्याबरोबर डॉर्टमुंडला राहायला गेली. वडील धाकट्या मुलासाठी, जोबसाठी, इंग्लंडमध्ये थांबले. एका मुलाच्या खेळासाठी अख्ख्या घराने दोन देशांत संसार मांडला. जोबही पुढे खेळाडू झाला, संडरलँडकडून खेळून २०२५ मध्ये डॉर्टमुंडलाच गेला. ही गोष्ट लिहिली असती तर मला आवडलं असतं. पण ती लिहून वसतिगृहाच्या जागा भरत नाहीत.

मँचेस्टर युनायटेडने नाकारलं, हे तर सरळ उलटं. त्यांना तो हवा होता. मार्च २०२० मध्ये तो आई-वडिलांसोबत त्यांच्या कॅरिंग्टनच्या सराव केंद्रावर जाऊन आला, युनायटेडचे माजी व्यवस्थापक खुद्द ॲलेक्स फर्ग्युसन त्याला भेटले. तरी त्याने डॉर्टमुंड निवडलं, कारण तिथे कोवळ्या वयाच्या खेळाडूंना मोठ्या संघात नियमित खेळवतात. नकार दिला तो त्याने.

जर्सीचं मात्र खरं आहे, मान्य. बर्मिंगहॅमने २२ नंबर बंद केला. एकाच मोसमात ४४ सामने आणि ४ गोल एवढ्यावर हा मान दिला म्हणून तेव्हा क्लबची टिंगलही झाली. पण त्यामागचं कारण कळल्यावर मला ती टिंगल पटत नाही. मोसमाच्या आधी, मार्च २०१९ मध्ये, खर्चाचे नियम मोडल्याबद्दल त्या क्लबचे ९ गुण कापले गेले होते. पैशांची ओढाताण होती. अशा वेळी आपल्याच अकादमीतला मुलगा सुमारे अडीच कोटी पौंड मिळवून देऊन गेला. लोकांनी त्याचं ऋण मानलं.

यावरून शेवटच्या मुद्द्यावर येतो, ९०० कोटींच्या. दाजींच्या हिशोबाच्या वहीत हाच आकडा सगळ्यात वर लिहिलाय, म्हणून सांगणं भाग आहे. जून २०२३ मध्ये रेआल माद्रिदने १० कोटी ३० लाख युरो मोजले, पुढच्या कामगिरीवर अवलंबून आणखी रक्कम ठरली. डॉर्टमुंड ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्याने तिला हे जाहीर करावं लागलं, त्यामुळे आकड्याबद्दल वाद नाही. रुपयांत ते ९०० कोटींच्या घरात जातात. पण हे पैसे माद्रिदने दिले डॉर्टमुंडला, खेळाडूला नाही. ती बदलीची रक्कम आहे, एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाणारी. बेलिंगहॅमला त्याचा पगार मिळतो. तो प्रचंड आहे, पण तो वेगळा. आणि सोळाव्या वर्षी त्याच्या हातात काय होतं? इंग्लंडमध्ये व्यावसायिक करार सतराव्या वर्षाआधी करताच येत नाही. बर्मिंगहॅमसाठी तो जवळपास अख्खा मोसम खेळला तो शिकाऊ म्हणून.

खेळाडू म्हणून त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माद्रिदच्या पहिल्याच मोसमात मिडफिल्डरने स्पॅनिश लीगमध्ये १९ गोल करावेत, लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकाव्यात, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत स्लोव्हाकियाविरुद्ध हरत असताना ९५ व्या मिनिटाला पाठ जमिनीकडे करून हवेत गोल मारावा. भाच्याने ते शंभरदा बघावं. त्याच्यासारखं दोन्ही पायांनी पास द्यायला शिकावं, चेंडू गेल्यावर मागे धावायला शिकावं.

दाजी, त्या अकादमीला फोन करणारच असाल तर एवढं विचारा. सराव आठवड्याला किती तास, आणि कोण घेतो, त्याच्याकडे कुठलं प्रशिक्षण प्रमाणपत्र आहे. मुलं कुठल्या शाळेत जातात, त्या शाळेचं नाव आणि हजेरी दाखवा म्हणावं. गेल्या तीन वर्षांत किती मुलं आली, किती मध्येच परत गेली, परत गेलेल्यांपैकी दोघांच्या पालकांचे नंबर द्या म्हणावं. दुखापत झाली तर खर्च कोणाचा, आणि मध्ये सोडलं तर फी परत मिळते का, हे कागदावर लिहून मागा. उत्तरं मिळाली तर ग्रुपवर टाका, मी वाचेन. मिळाली नाहीत तर फी भरू नका, आणि तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर पाठवलाय तिथे हेही पाठवा.