बरोब्बर एकशे चाळीस

साडेतीन तिकिटांच्या पैशात पास काढा आणि पाण्याच्या खेळांच्या थीम पार्कमध्ये वर्षभर कितीही वेळा या, अशी ती जाहिरात होती. कन्येने ती माझ्या मोबाइलवर बघितली, आईला दाखवली आणि आईने जेवताना सहज म्हणून अप्पांच्या कानावर घातली. अप्पा म्हणजे माझे वडील. विद्यापीठाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले, पण ते खातं काही अप्पांमधून निवृत्त झालं नाही. त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "साडेतीन म्हणजे चार. अर्ध्या वेळेला कसा जाशील?"

पुढचे तीन रविवार आमच्या बडोद्यातल्या दांडियाबाजारच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पास वसूल व्हायला वर्षात चार खेपा हव्यात, पाचवीपासून फुकट. चार म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं, म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. जानेवारी पतंगांच्या उत्तरायणात जातो. 14 तारखेला बडोदेकर गच्चीवरून खाली उतरत नाही आणि 15 ला वासी उत्तरायण, म्हणजे मान आखडलेली असताना पुन्हा गच्ची. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. एप्रिल-मे हा पाण्यात डुंबायचा खरा मोसम, पण पासाच्या अटींमध्ये अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'खालील दिवस वगळून' अशी यादी होती. मेचे शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष. थोडक्यात, ज्या दिवशी माणसाला जावंसं वाटतं ते सगळे दिवस.

"हा मंगळवारचा पास आहे," बायको म्हणाली.

जून शाळेचा. जुलै-ऑगस्टात पाऊस, आणि विश्वामित्री नदीला पूर आला की मगरी सोसायट्यांच्या पार्किंगपर्यंत येतात. पाणी आणि थरार दोन्ही घरपोच मिळत असताना पैसे मोजून बाहेर कोण जाईल? मग गणपती. मग नऊ रात्री गरबा आणि नऊ दिवस डुलक्या. दिवाळीत पुण्याला सासुरवाडी. डिसेंबरात अमेरिकेतले नातेवाईक उतरतात, त्यांना पार्क दाखवायचं असतं आणि नेमके तेच दिवस वगळलेले असतात. उरला नोव्हेंबरातला एक आठवडा. त्यात चार खेपा बसवायच्या तर गाद्या घेऊन मुक्कामालाच जायला हवं.

तरीही मला पास हवा होता, हे कबूल करतो. कॅलेंडर माझ्या घरचं होतं, पण पास मी वेगळ्याच कुटुंबासाठी घेत होतो. त्या कुटुंबातला बाप रविवारी सहाला उठतो, टायरमधली हवा आदल्या रात्रीच बघून ठेवतो आणि बायकोने "आज कुठे जाऊया?" विचारलं की "पेपर वाचू दे" असं म्हणत नाही. त्या माणसाला मी बरीच वर्षं ओळखतो. मागे त्याच्याच सांगण्यावरून मी तरणतलावाची वार्षिक वर्गणी भरली होती.

अभ्यास करायचा म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा 2006 सालचा निबंध सापडला. अमेरिकेतल्या जिमांची हजेरी त्यांनी तपासली होती. महिन्याची वर्गणी भरणारे लोक इतके कमी वेळा जात होते, की त्यांना दर खेप सरासरी 17 डॉलरहून जास्त पडत होती. त्याच जिममध्ये दहा खेपांचं कार्ड मिळत होतं, 10 डॉलरला एक खेप. मी हे मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. अप्पा आत गेले, फाइल घेऊन बाहेर आले आणि माझी तरणतलावाची पावती काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "एवढ्यासाठी अमेरिकेपर्यंत कशाला गेले ते? इथेच आले असते."

अप्पांचं म्हणणं सरळ होतं: कमाटीबाग. सयाजीरावांनी 1879 मध्ये करून ठेवली, आत फुलांचं घड्याळ, प्राणीसंग्रहालय, म्युझियममध्ये देवमाशाचा अख्खा सांगाडा. "महाराजांनी बागेला पास ठेवला नाही," ते म्हणाले. "आणि वगळलेले दिवसही नाहीत."

"आजोबा, तो देवमासा हलत नाही," कन्या म्हणाली. ह्यावर अप्पांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पासाच्या अटी मागून घेतल्या. चष्मा पुसून त्या दोनदा वाचल्या. जाहिरातीतला भाव जीएसटी सोडून आहे, हे त्यांनी पहिल्या मिनिटात पकडलं. थीम पार्कच्या प्रवेशावर 2017 मध्ये 28 टक्के होता, 2018 च्या जानेवारीत 18 वर आला, हे त्यांना तोंडपाठ. दहाव्या मिनिटाला ते ताठ बसले.

मुलांचा दर वयावर नव्हता, उंचीवर होता. 140 सेंटिमीटरपर्यंत बालपास, जवळजवळ निम्म्या भावात. आणि दुसऱ्या पानावर: मोठा रोलरकोस्टर 140 सेंटिमीटरपासून पुढे. "हा 'पर्यंत' आणि तो 'पासून'," अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "दोन्हींत 140 येतात. पोरगी बरोब्बर 140 भरली, तर पैसे लहानाचे आणि राइड मोठ्याची. आणि पास एकदा झाला की पुढे वर्षभर वाढू दे."

इतका वेळ विरोधात असलेला माणूस एका शब्दयोगी अव्ययावर फितूर झाला.

लगेच दाराच्या चौकटीला पाठ लावून कन्येचं माप घेतलं. 139.6. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी पुन्हा घेतलं, 140.6! पट्टी खोटी, चौकट तिरकी, आई केसांवरून मोजते, असे सगळे आरोप झाले. शेवटी उलगडा झाला तो असा: रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि दिवसभर उभं राहून दबतात. माणूस सकाळी सुमारे एका सेंटिमीटरने उंच असतो. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मी एकाच उंचीचा आहे असं समजून वावरत होतो.

पार्कची एक सोय होती. त्या दिवसाचं साधं तिकीट काढून आत जायचं, आवडलं तर संध्याकाळपर्यंत उरलेले पैसे भरून त्याचाच पास करून घ्यायचा. अप्पांचा सल्ला होता की दुपारून जावं, पोरगी थोडी दबलेली असेल. बायको म्हणाली, पूर्ण दिवसाचे पैसे देऊन दुपारी जाणं हा कुठला हिशेब? म्हणून रविवारी सकाळी निघालो. कन्या मागच्या सीटवर आडवी होऊन जी झोपली ती पार्कच्या दारातच उठली. म्हणजे रात्रभराची फुगवण तिने एक मिलिमीटरही वाया न घालवता तिकिटाच्या खिडकीपर्यंत आणली.

चपला काढून तिला मापाच्या काठीखाली उभं केलं. बायको ओठ न हलवता म्हणाली, "जरा सैल उभी राहा." तरी 140 च्या वर. पूर्ण तिकीट.

दारातच पिशव्या तपासल्या. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, म्हणून थेपल्यांचा डबा आणि छुंद्याची बाटली टोकन लावून बाहेर ठेवली. पाण्यात नायलॉनचेच कपडे हवेत, नसतील तर भाड्याने. लॉकरचे वेगळे, वर अनामत. अप्पांनी नायलॉन साफ नाकारलं आणि धोतरावर एका बाकावर बसून ते कोरडेच हिशेब लिहीत राहिले. मी लाटांच्या तलावात गेलो. एका लाटेत माझा चष्मा गेला, पुढच्या लाटेत एका अनोळखी काकांनी तो परत दिला. एवढाच माझा थरार.

मोठ्या रोलरकोस्टरची रांग पाऊण तासाची. नंबर लागला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिथेही तशीच काठी. 139.7.

"अहो, सकाळी तिकिटाला ही मोठी होती!" बायको म्हणाली.

"ते तिकिटाचं माप, बेन," काठीजवळचा मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला. "आ राइडचं माप." कन्या काही बोलली नाही. खाली मान घालून परत आली आणि आजोबांच्या शेजारी बाकावर आडवी झाली. मला वाटलं रुसली. नंतर कळलं, ती उंची भरून काढत होती.

साडेपाचला पासाच्या खिडकीशी गेलो. तिथल्या माणसाने सकाळचं तिकीट बघितलं आणि मोठ्यांचा पास बनवायला घेतला. अप्पांनी वहीच पुढे केली. "आता मोजा. पास आत्ता होतोय, माप सकाळचं कसं चालेल?" मागे रांग होती, रांगेतल्या दोघा-तिघांना ते पटलं. एकाने "मोजी लो ने, भाई" असंही म्हटलं. काठी मागवली.

कन्या तिच्याखाली उभी राहिली. टाचा जमिनीला, हनुवटी सरळ, श्वास रोखलेला, ढील संपलेल्या मांज्यासारखी ताणलेली. बायको एकीकडून "सैल, सैल" पुटपुटत होती. अप्पा डोळे मिटून होते.

"एकशे चाळीस," तो माणूस म्हणाला. पुन्हा वाकून बघितलं. "बरोब्बर."

अप्पांनी डोळे उघडले. त्यांना इतकं आनंदलेलं मी पेन्शन सुरू झाली तेव्हा बघितलं होतं. मी कार्ड काढलं. चार खेपा, वगळलेले दिवस, नोव्हेंबरचा आठवडा, सगळं विसरलो. हा योग पुन्हा येणार नव्हता. त्या माणसाने दोन-तीन बटणं दाबली, पडद्याकडे बघितलं, पुन्हा दाबली.

"सिस्टम बंध थई गई," तो म्हणाला. "तिकिटाचे पैसे वळते करून देईन, चिंता नका करू. फक्त माप परत घ्यावं लागेल. काले सवारे आवजो."

अप्पा खिडकीच्या आणखी जवळ सरकले.

"सवारे का?" त्यांनी विचारलं. "सांजे नहीं चाले?"